घानाच्या नाना जेन आणि उपराष्ट्राध्यक्षपदाची वाट

मराठी कानाला ‘नाना’ म्हटलं की घरातले कुणीतरी वडीलधारे पुरुष आठवतात. पण ७ जानेवारी २०२५ रोजी अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात घानाच्या उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेणाऱ्या नाना जेन ओपोकु-अजेमांग या बाई आहेत. इंग्रजीच्या प्राध्यापक, आणि त्या देशात या पदावर पोचलेल्या पहिल्या महिला. (आडनावाच्या स्पेलिंगमध्ये जी आणि वाय एकत्र येतात. तिथल्या अकान भाषेत त्याचा उच्चार ‘ज’कडे झुकतो, त्यामुळे ‘अग्येमांग’ असं लिहिणं बरोबर नाही.)

आपल्याकडे त्यांच्याबद्दल जे थोडंफार छापून आलं त्यात पदाचं भाषांतर ‘उपराष्ट्रपती’ असं झालं, आणि तिथेच वाचकाची दिशाभूल होते. आपले उपराष्ट्रपती राज्यसभा चालवतात, मंत्रिमंडळात बसत नाहीत. घानात १९९२च्या घटनेनुसार उपराष्ट्राध्यक्ष मंत्रिमंडळाचे सदस्य असतात, सैन्यदलांच्या परिषदेचे अध्यक्ष असतात आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतही त्यांना जागा असते. राष्ट्राध्यक्षांचं निधन झालं तर उरलेली मुदत उपराष्ट्राध्यक्षच पुरी करतात, मध्ये निवडणूक होत नाही. २४ जुलै २०१२ रोजी जॉन अट्टा मिल्स गेले आणि त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी झाला. तेच महामा आज पुन्हा राष्ट्राध्यक्ष आहेत आणि नाना जेन त्यांच्या जोडीला आहेत. ही खुर्ची शोभेची नाही हे महामांइतकं कुणाला ठाऊक असणार?

नाना जेन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९५१चा, केप कोस्टचा. हा किनारा गोंयकारांना परका वाटू नये. केप कोस्टपासून काही किलोमीटरवर एल्मिना आहे. तिथला साव जॉर्ज दा मिना हा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतला, म्हणजे आल्बुकेर्क गोव्यात येण्याच्या २८ वर्षं आधी. आपला आग्वाद १६१२चा. १६३७मध्ये एल्मिना डचांनी घेतलं. या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या तळघरांत माणसं कोंडून ठेवली जात आणि तिथूनच जहाजांवर चढवली जात. एल्मिनात बायकांच्या कोठड्यांसमोरचं आवार आणि त्यावर उघडणारा गव्हर्नरचा सज्जा आजही दाखवतात. नाना जेन यांच्या संशोधनाचा मोठा भाग गुलामांच्या व्यापारावर आणि त्याच्या लोकांच्या तोंडी उरलेल्या आठवणींवर आहे. कथा, गाणी, म्हणी गोळा करून त्यांतून इतिहास वाचणारा हा अभ्यास. पुढे प्रचारसभांमधलं त्यांचं संथ, आवाज न चढवता बोलणं ऐकलं की त्यामागची ही तालीम कळते.

त्यांचं शिक्षण केप कोस्टच्या वेस्ली गर्ल्स हायस्कूलमध्ये झालं. ही मेथडिस्टांची शाळा १८३६पासूनची, देशातल्या नामांकित मुलींच्या शाळांपैकी एक. १९७७मध्ये त्यांनी केप कोस्ट विद्यापीठातून इंग्रजी आणि फ्रेंच घेऊन पदवी मिळवली. डाकारला फ्रेंचचा पुढचा अभ्यास केला, आणि मग टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातून एमए (१९८०) व डॉक्टरेट (१९८६). त्यानंतर त्या परतल्या आणि आपल्याच विद्यापीठात शिकवू लागल्या. वसतिगृहाच्या वॉर्डन, विभागप्रमुख, कला शाखेच्या डीन, पदव्युत्तर विभागाच्या डीन अशा पायऱ्या त्या चढत गेल्या. २००८मध्ये त्या कुलगुरू झाल्या. घानाच्या सरकारी विद्यापीठात तोवर एकही बाई त्या खुर्चीत बसली नव्हती. वॉर्डनचं काम आपण सहसा मोजत नाही. पण पाणी, खानावळ, रात्री उशिरा येणाऱ्या मुली, पालकांच्या तक्रारी हे सगळं निस्तरलेला माणूस कुलगुरू झाला की फरक पडतो.

२०१३मध्ये महामांनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. त्या खासदार नव्हत्या. गोव्यात आमदार नसलेला माणूस मंत्री झाला तर सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, नाहीतर घरी. घानात निम्म्याहून अधिक मंत्री संसदेतून घ्यावे लागतात, बाकीचे बाहेरचे चालतात. मात्र प्रत्येकाला संसदेची मान्यता लागते. नियुक्ती समितीपुढे तासन्‌तास प्रश्नोत्तरं होतात आणि ती टीव्हीवर थेट दिसतात. ही पद्धत आपल्याकडे असती तर किती बरं झालं असतं.

मंत्री म्हणून त्यांच्यामागे एक चिवट वाद लागला. घानात शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना सरकार दरमहा भत्ता देत असे. भत्त्याचा खर्च ठरलेला, म्हणून प्रवेशांनाही कोटा. अर्ज भरपूर यायचे, जागा मोजक्या. सरकारने भत्ता काढून विद्यार्थी-कर्जाची सोय केली आणि कोटा उठवला. कागदावर हिशेब चोख होता: तेवढ्याच पैशांत जास्त शिक्षक. पण भत्ता बंद झाल्याचं त्याच महिन्यात खिशाला कळतं, आणि कोटा उठल्यामुळे ज्याला प्रवेश मिळाला त्याला तो आपल्या गुणांमुळेच मिळाला असं वाटतं. फायदा झालेले गप्प राहिले, तोटा झालेले बोलत राहिले. २०१६मध्ये महामांचा पक्ष हरला, नव्या सरकारने २०१७मध्ये भत्ता परत सुरू केला आणि ‘भत्ता बंद करणाऱ्या बाई’ हा शिक्का २०२०च्या प्रचारात विरोधकांनी पुरेपूर वापरला. निर्णय चुकीचा होता असं म्हणवत नाही. आधीच प्रवेश घेतलेल्यांना आणि नव्याने येणाऱ्यांना वेगळा नियम लावला असता तर धग कमी बसली असती, एवढं नक्की.

६ जुलै २०२० रोजी महामांनी त्यांचं नाव जोडीदार उमेदवार, म्हणजे आपल्यासोबतच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार, म्हणून जाहीर केलं. दोन बड्या पक्षांपैकी कुणीच तोवर ही जागा बाईला दिली नव्हती. अशा उमेदवाराला लोकांपुढे आणण्याच्या समारंभाला तिथे ‘आउटडोअरिंग’ म्हणतात. शब्द मूळचा बारशाचा: बाळाला आठव्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर आणून नाव ठेवतात, त्या विधीचा. आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळणा हलतो, तसंच. साठीच्या पुढच्या प्राध्यापकबाईंचं राजकारणातलं बारसं असं थाटात झालं.

निवड भावनेपोटी झाली नव्हती. महामा उत्तरेकडचे. केप कोस्ट ज्यात येतं तो सेंट्रल प्रांत कधी इकडे, कधी तिकडे झुकणारा. तिथली, शिक्षणातली, डागाळलेली नसलेली बाई हा पक्षाचा विचारपूर्वक टाकलेला पत्ता होता. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपद हुकलं, पण संसदेत दोन्ही पक्ष १३७-१३७ असे भिडले. ७ डिसेंबर २०२४ला हीच जोडी पुन्हा उभी राहिली आणि ५६ टक्क्यांहून अधिक मतं घेऊन पहिल्याच फेरीत जिंकली. पन्नास टक्क्यांच्या वर कुणीच गेलं नाही तरच दुसरी फेरी होते.

आता जे खटकतं ते. त्याच निवडणुकीत २७६ खासदारांत बायका आल्या ४१. घानात बाई सरन्यायाधीश झाली, संसदेची सभापती झाली, निवडणूक आयोगाची प्रमुख झाली. या सगळ्या नेमणुकीच्या किंवा संसदेने निवडायच्या जागा. मतदारसंघाचं तिकीट मात्र पक्षांतर्गत निवडणुकीतून मिळतं. तिथे प्रतिनिधींना सांभाळायला पैसा लागतो, रात्री-अपरात्री बैठका असतात, आणि बदनामीची झळ बाईला जास्त बसते. १९६०मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या सरकारने खास कायदा करून दहा बायकांना संसदेत आणलं होतं. त्यांतल्या उत्तरेकडच्या सुझाना अल-हसन पुढे मंत्री झाल्या. १९६६च्या लष्करी उठावात ती संसदच गेली. आता २०२४चा समान-संधी कायदा आला आहे, निर्णयाच्या पदांवर बायकांचा वाटा टप्प्याटप्प्याने २०३०पर्यंत निम्म्यावर नेण्याचा. राखीव मतदारसंघ मात्र त्यात नाहीत.

पर्वरीकडे, म्हणजे गोव्याच्या विधानसभेकडे, पाहिलं तर आपणही फार पुढे नाही. शशिकलाताई काकोडकर १९७३मध्ये मुख्यमंत्री झाल्या, वडील भाऊसाहेब बांदोडकरांच्या पश्चात. घानाच्या ५२ वर्षं आधी एवढ्याशा गोव्याने हे करून दाखवलं. आणि २०२२ला चाळीस आमदारांत बायका किती? तीन. २०२३च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा मिळतील त्या जनगणना आणि मतदारसंघ फेररचना झाल्यावर.

नाना जेन यांनी तिकिटाची ती पक्षांतर्गत निवडणूक आजवर लढवलेली नाही. महामांची ही दुसरी मुदत, त्यामुळे घटनेप्रमाणे २०२८ला त्यांना उभं राहता येणार नाही आणि पक्षाला नवा उमेदवार प्रतिनिधींच्या मतांनीच निवडावा लागेल. त्या डिसेंबरात बाई ७७ वर्षांच्या असतील. तोवर सैन्यदलांच्या परिषदेच्या बैठकीत जनरल मंडळींसमोर, टेबलाच्या डोक्याशी, इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापक बसतात.