जिनिंगमधला जुना सर्व्हर

ऐन हंगामात वणीकडच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, फोन आला. काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि शेतकऱ्याची पट्टीच, म्हणजे त्याच्या कापसाच्या हिशेबाचा कागदच, लवकर निघेना. मालकांनी जुना सर्व्हर विकत घेतला होता: इंटेलचे दोन झिऑन एक्स५६५० प्रोसेसर, म्हणजे १२ कोअर (काम करणारे भाग), २४ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). चिप २०१० सालची, पण कागदावर दणकट. मी सोबत इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी नेला. २०२३ ची चिप, ४ कोअर, ६ वॅट.

"एवढंसं हे डबडं त्या धुडापुढं टिकते काय भाऊ?" मुनीमजींनी विचारलं.

आधी सर्व्हर उघडला. हीटसिंकच्या पात्यांत रुई इतकी घट्ट बसली होती, की बोटानं ओढल्यावर अख्खा थर घोंगडीसारखा निघून आला. पंखे जीव तोडून फिरत होते, तरी प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत होता. अशा अवस्थेत त्याची तुलना करणं मला पटलं नाही. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली, मगच मोजायला बसलो.

७-झिप या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या चाचणीत सगळे थ्रेड कामाला लावले, तेव्हा सर्व्हरनं मिनी पीसीला सरळ मागे टाकलं. एकाच थ्रेडवर मात्र मिनी पीसी पुढे. आणि पट्टीचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच कोअर वापरतं! बाकीचे ११ कोअर तिथं काहीच कामाचे नाहीत.

तरी समाधान होईना. पट्टीला जेवढा वेळ लागत होता, तेवढा फरक एकट्या कोअरचा नसतो. टास्क मॅनेजर उघडून पट्टी काढायला लावली. प्रोसेसर निवांत, डिस्क शंभर टक्क्यांवर. मिनिटाला १०,००० वेळा फिरणारी सर्व्हरची सॅस डिस्क इकडची तिकडची माहिती शोधायची झाली तर सेकंदाला दीडशेच्या आसपासच वेळा शोधू शकते. साधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, हजारो वेळा. सर्व्हरच्याच रिकाम्या खाचेत एसएसडी बसवली, डेटाबेस तिकडे हलवला, आणि मुनीमजींना पट्टी काढायला सांगितलं. त्यांनी चष्मा नीट करेपर्यंत प्रिंटर सुरू झाला होता.

त्यानंतरही मिनी पीसी थोडा पुढेच राहिला, पण काट्यावरच्या माणसाला तो फरक जाणवणारा नव्हता. जाणवणारा फरक विजेचा. मीटर लावला तर रिकामा बसलेला सर्व्हर दीडशे वॅटच्या वर, मिनी पीसी दहाच्या आत. भरदुपारी लाइन जाते तिथं हे फार मोलाचं आहे. उलट, मेमरीतली चूक जागच्या जागी दुरुस्त करणारी ईसीसी रॅम आणि दोन पॉवर सप्लाय सर्व्हरकडेच. शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब ज्या मशीनवर आहे, तिथं मला हे सोडवत नाही.

म्हणून मालकांना सांगितलं: हंगाम उलटेपर्यंत पट्टी सर्व्हरवरच चालू द्या, मिनी पीसीवर रोज डेटाबेसची प्रत उतरवा आणि तो इन्व्हर्टरवर तयार ठेवा. आणि दर आठवड्याला सर्व्हरची रुई काढा.