वर एक मूठ

कोणत्याही गावी गेले तरी आईला आधी तिथला बाजार पाहायचा असतो. देऊळ, किल्ला, संग्रहालय ही सारी मंडळी तिच्या लेखी नंतरची. गावात मिरची कशी मिळते आणि विकणारी बाई गिऱ्हाइकाशी कशी बोलते हे कळल्यावाचून गाव पाहिले असे तिला वाटतच नाही. गेल्या हिवाळ्यात ती आमच्याकडे अ‍ॅरिझोनात आली होती, तेव्हा चार दिवसांची सुटी काढून आम्ही मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील प्वेर्तो वायार्ता या गावी गेलो. हिवाळ्यात तिथल्या बांदेरास उपसागरात देवमासे येतात. होडीत बसून तेही पाहून झाले. परत येताना आई म्हणाली, "छान होते. पण त्यांच्याशी बोलता कुठे येतं?" आणि तिसरा दिवस तिने बाजारासाठी मागून घेतला.

क्वाले नावाची लहानशी नदी या गावाच्या मधोमध समुद्राला मिळते, आणि मुखापासून थोड्याच अंतरावर तिच्या काठी नगरपालिकेचा दुमजली बाजार आहे. खाली चांदीचे दागिने, चामड्याच्या चपला, व्हॅनिलाच्या बाटल्या, चिंचेच्या गोळ्या आणि प्रवाशांच्या गळ्यात मारायच्या अनेक वस्तू, वर खाणावळी. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते आणि बरेच दुकानदार अजून फळ्या काढून माल मांडत होते. आईने एका लाकडी वस्तूवर बोट ठेवले. गरम चॉकलेटला फेस आणण्यासाठी दोन तळव्यांमध्ये धरून घुसळायची ती मोलिनियो होती, म्हणजे नक्षीकाम केलेली आखूड रवीच. आईने ती उचलून हवेतच चार वेळा फिरवली, दुकानदाराने मान डोलावली, आणि मी किंमत विचारण्याच्या आत सौदा ठरल्यातच जमा होता. त्याने नोट घेतली, ती कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना लावून क्रूसाची खूण केली, ओठांना टेकवली आणि मग खिशात ठेवली.

"भवानी झाली त्याची," आई समाधानाने म्हणाली.

परदेशात गेल्यावर पावलोपावली ‘हे तर आपल्याकडचेच’ असे म्हणणाऱ्या प्रवाशांचा मला कंटाळा येतो, कारण अशा माणसाने घर सोडलेलेच नसते. परंतु दिवसाच्या पहिल्या विक्रीची नोट कपाळाला लावणारा माणूस पाहून भवानी हा शब्द ओठांवर आला, तर त्याला अडवायचे कसे? मी काही बोलले नाही. तेवढ्यात पुढच्या दुकानातून हाक आली, "पासेले, ग्वेरिता!" म्हणजे, या गोरीबाय, आत या. मेक्सिकोच्या बाजारांत गिऱ्हाइकाला गोरी म्हणण्याची रीत आहे आणि त्यात गिऱ्हाइकाच्या वर्णाकडे कोणी पाहत नाही. आईला अर्थ सांगितला तेव्हा ती भर रस्त्यात हसत सुटली. लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबत जी ओळख पाठवली जात होती तीत ‘सावळी, पण नाकीडोळी नीटस’ असे लिहिलेले असे, आणि त्या ‘पण’चा राग तिच्या मनात पन्नास वर्षे होता. तो एका चपलांच्या दुकानदाराने अर्ध्या मिनिटात घालवला. चपला मात्र तिने घेतल्या नाहीत.

एका कोपऱ्यात विशारिका जमातीचा एक तरुण मण्यांचे काम करीत बसला होता. ही माणसे मूळची पलीकडच्या सिएरा माद्रे डोंगरातली. लाकडी हरणाच्या डोक्यावर मेणाचा पातळ थर दिलेला होता आणि सुईच्या टोकावर एकेक मणी उचलून तो त्या मेणात दाबत होता; मण्याचे भोक वर, रेघेला रेघ चिकटलेली. आई पाच मिनिटे तशीच उभी राहिली. रुखवतासाठी मण्यांची तोरणे विणणाऱ्या बाईला दोऱ्याशिवाय मणी टिकतो कसा, हाच खरा प्रश्न होता. तिने नखाने हलकेच एक मणी चाचपून पाहिला. तरुणाने तिच्याकडे पाहिले, सुईवर एक निळा मणी घेतला आणि सुई तिच्या हातात दिली. तिने तो हरणाच्या कानापाशी बसवला. किंचित वाकडाच बसला. त्याने तो सरळ केला नाही, याची मी नोंद घेतली.

दुपारच्या आत एक फेरी समुद्राकाठी झाली. तिथे खांद्यावर मोठा वाळलेला भोपळा घेतलेला एक फेरीवाला तुबा विकत होता. तुबा म्हणजे नारळाच्या झाडाची माडी. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षे मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. त्यांवरून आलेल्या फिलिपिनी खलाशांनी माड तासण्याची विद्या या किनाऱ्यावर आणली आणि शब्दही त्यांचाच राहिला. इथे तिच्यात सफरचंदाचे तुकडे आणि दाणे घालून देतात. आईने एक घोट घेतला. तिचे माहेर गुहागरकडचे, तेव्हा तिचे मत प्रमाण मानायला हरकत नाही. "सकाळची असती तर बरी लागली असती," ती म्हणाली, "आणि हे सफरचंद कशाला?"

मग जेवायला आम्ही पुन्हा बाजारात आलो आणि वरच्या मजल्यावर गेलो. खाणावळ चालवणारी बाई आईच्याच वयाची असावी. ओट्याला लागून चार उंच बाकडी, मागे लोखंडी तवा, आणि तव्याशेजारी मोल्काहेते, म्हणजे तीन पायांचा काळ्या दगडाचा खल. भाजलेले टोमॅटो, लसूण आणि मिरच्या त्यात दगडी बत्त्याने वाटून चटणी चालली होती. आईचे जेवणाकडे लक्षच नव्हते. बत्ता घसरतो आहे, हे तिला आवाजावरून कळले होते. चटणी काढून झाल्यावर तिने हात पुढे करून खलाच्या आत बोटे फिरवली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "गुळगुळीत झालाय हो. टाकी लावायला हवी."

मी भाषांतर करायला सरसावले, पण टाकीला माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये शब्दच नव्हता. आईने डाव्या मुठीत अदृश्य छिन्नी धरली, उजव्या मुठीत हातोडी, आणि ओट्यावर टक-टक-टक अशी तीन बोटांएवढी जागा टाचून दाखवली. बाई आधी थबकली आणि मग तिने कपाळाला हात लावला. "पिकार!" ती म्हणाली, आणि त्यानंतर जे काही म्हणाली ते फार वेगाने म्हणाली. मला कळले ते इतकेच, की दगड टाचून देणारा माणूस पूर्वी दारावर येत असे, आता येत नाही, आणि मुले म्हणतात की मिक्सर घे. आईने सगळे ऐकून घेतले आणि उत्तर दिले, "आमच्याकडेही टाकीवाला येईनासा झाला. मी पाटा ठेवलाय, पण नुसता कपडे वाळत घालायच्या दांडीखाली." यातले मी काहीही भाषांतरित केले नाही. कोणी मागितलेही नाही.

पुढचा तासभर मी त्या दोघींच्या मध्ये बसून मुकाट्याने जेवले. बाईने आईला ओट्यामागे बोलावले आणि पिठाचा गोळा हातावर ठेवला. हे पीठ आपल्या मक्याच्या पिठासारखे नसते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजत ठेवून, धुऊन मग ओला दळतात, त्यामुळे त्याला वेगळाच चिवटपणा आणि वास येतो. आईने भाकरीसारखे थापायला घेतले आणि तिसऱ्याच थापेला कड फाटली. तिने पाण्याचा हात लावला, तेव्हा ती आणखी फाटली. चाळीस वर्षे भाकऱ्या थापलेल्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाईने गोळा परत घेतला, दोन तळव्यांत या हातावरून त्या हातावर टाकत पातळ केला आणि तव्यावर सोडला. तो टम्म फुगला, तेव्हा मात्र दोघी एकदमच काहीतरी म्हणाल्या.

जेवणासोबत लालभडक सरबत आले होते. आईने चव घेऊन डोळे मिटले आणि म्हणाली, "अंबाडी." बाईने बरणीतून वाळलेली गडद बोंडे काढून दाखवली आणि म्हणाली, "हामाइका." खरोखरच ती अंबाडीच्या जातीची लाल बोंडे होती, मुळात आफ्रिकेतून निघालेले हे झाड दोन्हीकडे वेगवेगळ्या वाटांनी गेलेले. आम्ही अंबाडीचा पाला खातो, हे आईने पाने खुडण्याचा अभिनय करून सांगितले, तर बाईने असा चेहरा केला की जणू कोणी केळ्याची साल खातो म्हणाले. मग आईने पर्सच्या आतल्या कप्प्यातून पुडी काढून दोन आमसुले तिच्या तळहातावर ठेवली. बाईने एक चघळले, एक डोळा मिटला आणि दुसरे रुमालात बांधून ठेवले.

निघताना आईने ती बोंडे विकत मागितली. बाईने कागदाची पुडी बांधली, वजन केले, पैसे घेतले, आणि मग बरणीत हात घालून वर एक मूठ टाकली. त्याला तिथे पिलोन म्हणतात. वजनावरची ही मूठ हक्काची नसते, पण पडली नाही तर गिऱ्हाईक रुसते. दापोलीच्या बाजारात ‘वर दोन टाक गो’ म्हणून मावशीशी हुज्जत घालणाऱ्या माझ्या आईला हे सांगावे लागले नाही.

"उद्या किती वाजता उघडता?" तिने विचारले. बाईने आठ बोटे दाखवली आणि मोल्काहेतेकडे हात करून बरेच काही सांगितले. एक म्हातारा पाथरवट डोंगराकडच्या गावात आहे आणि त्याला निरोप पाठवते, असा त्याचा आशय असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्हाला विमानतळावर पोहोचायचे होते. हे सांगण्याचे काम शेवटी माझ्याकडे आले आणि मी ते जमेल तसे केले. बाईने ऐकून घेतले, आईच्या हातातली पुडी परत घेतली, दोरा सोडला आणि आणखी एक मूठ टाकली.