राऊटिंगची वही : चढ कुठे फेडायचा

गोल्फ मैदानाचे अठराही होल, म्हणजे सुरुवातीच्या टीपासून झेंड्याच्या ग्रीनपर्यंतचे खेळायचे पट्टे, एकदाचे कागदावर बसले. बसले म्हणजे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, एवढंच. जमीन मागच्या नोंदीतलीच: ६४ हेक्टर, उत्तरेला पूर्व-पश्चिम धार, तिच्यातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या तीन सोंडा आणि तळाला ओढा. सर्वात उंच जागा ४५६ मीटर, सर्वात खालची ४१०.

मोठा बदल क्लबहाऊसचा. धारेवरून हलवून ते मधल्या सोंडेवरच्या सपाटीला, ४३२ मीटरवर आणलं. माथ्यावर ठेवायचा मोह होतोच, तिथून सगळं रान नजरेत येतं. पण मग नववा आणि अठरावा, दोन्ही होल चढावरच संपणार. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल मैदानाला तसंच आहे. तिथला दहावा होल सरळ खोलात उतरतो आणि ती उतराई अठराव्यापर्यंत वसूल होत राहते. तिथली जमीन ऐसपैस आहे, तिला ते पेलतं. माझ्या तीन सोंडांना नाही पेलणार. आता पहिले नऊ होल आधी वर जाऊन मग उतरतात, दुसरे नऊ आधी ओढ्याकडे उतरतात आणि मग चढतात. दोन्ही फेऱ्या क्लबहाऊसपाशीच सुटतात आणि संपतात, त्यामुळे उद्या वाटलं तर आधीचे नऊ नंतर करता येतील. ऑगस्टातही १९३४ ची पहिली मास्टर्स स्पर्धा आजच्या उलट क्रमाने खेळली गेली होती, पुढच्याच वर्षी क्रम फिरवला.

यावेळी खरा वेळ गेला तो चढउताराच्या तक्त्यावर. प्रत्येक होलच्या टीची उंची, ग्रीनची उंची आणि तिथून पुढच्या टीची उंची, असे तीन रकाने. जिथून निघालो तिथेच परत यायचं असल्यामुळे अखेरची बेरीज शून्यच येणार, त्यातून सुटका नाही. जितकं उतरलो तितकं कुठेतरी चढून फेडावंच लागतं. आर्किटेक्टच्या हातात असतं ते एवढंच, की कुठे फेडायचं. सध्या खेळताना एकूण ९८ मीटर उतार आणि ७१ मीटर चढ आहे. उरलेले २७ मीटर ग्रीनवरून पुढच्या टीकडे चालताना चढायचे. तिसऱ्या ग्रीनवरून चौथ्या टीला जाताना सत्तर मीटरच्या पायवाटेत ९ मीटर वर जावं लागतं. दम लागेल, पण टीवर पोचल्यावर अख्खी पश्चिम बाजू पायाखाली येते, आणि चौथा, पाचवा, सहावा असे तिन्ही होल आपसूक उतरणीचे मिळतात. चालून चढायचं आणि खेळून उतरायचं, ही युक्ती जुनी आहे आणि अजूनही हिच्याइतकं काही कामाला येत नाही. मात्र तिचा अतिरेक केला की मैदान म्हणजे टेकडीची चढाई होते.

खेळण्यातला जो मोठा चढ आहे तो चौदाव्यावर टाकलाय. पार पाच (म्हणजे पाच फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला होल), ५२० मीटर, ४१२ वरून ४२६. म्हणजे चौदा मीटर, पण इतक्या लांबीत पसरल्यावर तीन टक्क्यांच्याही आत. हाच चढ ३८० मीटरच्या पार चारवर, तोही शेवटच्या शंभर मीटरांत एकवटला, तर दुसरा फटका मारताना झेंड्याचं फक्त टोक दिसतं, ग्रीनचा पृष्ठभाग दिसतच नाही. चढ फेडायला पार पाच बरा, कारण तिथे तिसरा फटका जवळून असतो.

पद्धत विचारणाऱ्यांसाठी: १:२००० चा कागद, एक मीटरच्या समोच्च रेषा. या मापात ३८० मीटर म्हणजे १९ सेंटीमीटर. टीवर एक टाचणी, तिथून १२ सेंटीमीटरवर, म्हणजे २४० मीटरवर, दुसरी, ग्रीनवर तिसरी, मधून दोरा. मधली टाचणी जरा सरकवली की डॉगलेगचा, म्हणजे होलच्या मधल्या वळणाचा, कोन बदलतो, आणि दोरा किती रेषा ओलांडतो ते मोजलं की चढ कळतो. दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा. संगणकावर हे झटपट होतं हे मान्य, पण टाचणी सरकवताना जी जमीन डोक्यात बसते ती माऊस हलवून बसत नाही.

ग्रीनच्या जागा आधी, टी नंतर. हे सगळेच सांगतात, तरी दरवेळी हात पहिल्यांदा टीकडेच जातो. अमेरिकेत नेब्रास्कातल्या सँड हिल्स मैदानाला बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आर्किटेक्ट जोडीने आधी १३० हून जास्त होल हेरले, मग त्यांतून अठराची माळ ओवली. १९९५ ला खुलं झालेलं ते मैदान बघावं आणि आपल्या कागदावर उगाच ओढलेल्या रेषा खोडाव्यात. माझ्याकडे सोंडांच्या टोकांवर तीन ग्रीन फुकट मिळालेत, तिन्ही अंगांनी उतार. सोंडेवरून पलीकडच्या सोंडेवर घळ ओलांडून मारायचं, असे दोन पार तीन. जिथे फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा, बसत नाही तिथे पार तीन बसतो.

पहिले नऊ घड्याळाच्या दिशेने फिरतात, म्हणजे हद्द आणि रस्ता कायम डाव्या हाताला. बहुतेक खेळाडू उजवे आणि त्यांचा चुकलेला चेंडू बहुधा उजवीकडे, आतल्या बाजूला, जातो. दुसऱ्या नऊंना हे साधता आलं नाही. ते घड्याळाच्या दिशेने फिरवले तर ओढ्यापासून क्लबहाऊसपर्यंतचा वीसेक मीटरचा चढ सतराव्या-अठराव्यावर साचतो. उलटे फिरवल्यावर सतरावा घळीवरून पलीकडे जाणारा छोटा पार तीन होतो आणि अठरावा मधल्या सोंडेवरून उतरत क्लबहाऊसपाशी येतो, तोही दक्षिणेकडे तोंड करून, त्यामुळे मावळता सूर्य डोळ्यांत नाही. किंमत एवढीच की पूर्वेची हद्द उजवीकडे येते. म्हणून चौदाव्याचा मध्य हद्दीपासून ७५ मीटर आत घेतला. मला हा सौदा पटतो.

वारा सतत एकाच बाजूने येऊ नये यासाठी स्कॉटलंडमधलं म्युअरफील्ड समोर ठेवलं होतं: पहिले नऊ बाहेरून घड्याळाच्या दिशेने, दुसरे नऊ आतून उलटे, आणि लागोपाठ तीनपेक्षा जास्त होल एकाच दिशेला नाहीत. माझ्याकडे चौथा, पाचवा, सहावा असे सलग तीन पूर्वेकडे जातात, म्हणजे मर्यादेवरच. तेरावा आणि चौदावा हे दोन पार पाच लागोपाठ आलेत ते मात्र तसेच ठेवतोय. कॅलिफोर्नियातल्या १९२८ च्या सायप्रस पॉइंट मैदानाला पाचवा-सहावा सलग पार पाच आणि पंधरावा-सोळावा सलग पार तीन आहेत, आणि ते पाडायला अजून कोणी निघालेलं नाही.

अडलंय ते बाराव्या ग्रीनपाशी. ओढ्याकाठची सपाटी एक मीटरच्या रेषांत दिसते तशी नसते. दोन रेषांच्या मध्ये अर्ध्या मीटरचा खळगा सहज लपतो, आणि पाणी नेमकं तिथेच थांबतं. तेवढ्या तुकड्यासाठी पाव मीटरच्या रेषा काढतोय. त्या आल्या की ग्रीन उचलायचा की मागे, सोंडेच्या पायथ्याशी सरकवायचा, ते ठरेल. सरकवला तर बारावा तीस मीटरने लांबतो आणि तेराव्याचा टी ओढ्यापलीकडे न्यावा लागतो.