१०० चा प्लॅन घेतला तरी १२ च का दिसतात?
नवीन ब्रॉडबँड घेताना सगळे स्पीडचा आकडाच बघतात, पण १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागा, डाउनलोड सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर जाणारच नाही, त्यात कंपनीची लबाडी नाहीये. त्यापेक्षा लाईन कसली आहे ते विचारा. तांब्याच्या तारेवरचं डीएसएल (टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट) असेल तर टेलिफोन एक्सचेंजपासून घर जितकं लांब तितका स्पीड पडतो, मग प्लॅन कितीही महागाचा घ्या, फायबरला हा त्रास जवळपास नाहीच. अपलोड किती, डेटा लिमिट संपल्यावर स्पीड किती उरतो हेही विचारा, स्वतःहून कोण सांगतंय! आणि ३०० चा प्लॅन ९५ च्या आसपासच अडकत असेल तर राउटरचा पोर्ट (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसचाच आहे का बघा.