तुम्ही विचारलंत म्हणून: पिवळं पाकीट आल्यावर

"परमिट रिजेक्ट झालं, आता काय करू?" जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींचा, तिथल्या राहण्याच्या परमिटबद्दलचा हा प्रश्न. पाठोपाठ सांगली-नाशिकहून आईवडिलांचा फोन: "परत पाठवतील का हो त्याला?" दोघांनाही मी आधी एकच उलटा प्रश्न विचारते. पत्र कोणत्या तारखेला मिळालं? नकाराचं कारण तोंडपाठ असतं, काउंटरवरची बाई काय म्हणाली तेही आठवत असतं. तारीख आठवत नाही, आणि पाकीट केराच्या डब्यात गेलेलं असतं. ते पाकीट जपून ठेवा, हे सांगून मी थकले. म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवते.

परदेशी लोकांची परमिटं पाहणाऱ्या सरकारी खात्याचं नकाराचं पत्र, म्हणजे बेशाइड, बहुधा पिवळ्या पाकिटातून येतं आणि पोस्टमन त्या पाकिटावर तारीख लिहितो. मुदत त्या तारखेपासून मोजायची. पत्राच्या डोक्यावर छापलेली तारीख इथे कामाची नाही, आणि तुम्ही पाकीट कधी उघडलंत यालाही महत्त्व नाही. तुम्ही गणपतीला गावी असताना पोस्टमनने ते तुमच्या पेटीत टाकलं, तरी ते तुम्हाला मिळालं असंच कायदा धरतो. साध्या टपालाने आलेल्या पत्राचा हिशेब वेगळा: पोस्टात टाकल्यापासून चौथ्या दिवशी मिळालं असं मानतात (२०२४ संपेपर्यंत हे तीन दिवस होते). मुदत एक महिना. १० मार्चला मिळालं तर १० एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत. ३१ जानेवारीला मिळालं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस मिळतो, पण त्या भरवशावर राहू नका.

मग शेवटचं पान उघडा. तिथे 'रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग' नावाचा परिच्छेद असतो: दाद कुठे मागायची, कशी आणि किती दिवसांत. हा परिच्छेद नसेल किंवा चुकीचा असेल, तर महिन्याऐवजी वर्षाची मुदत मिळते. हाम्बुर्ग किंवा श्टुटगार्टमध्ये आधी त्याच खात्याकडे हरकत घ्यायची, तिला विडरश्प्रुख म्हणतात. म्युनिक, बर्लिन, ड्युसेलडोर्फ, कोलोन इथे परमिटच्या बाबतीत ती पायरीच उरलेली नाही. थेट प्रशासकीय न्यायालयात दावा, म्हणजे क्लागे. मित्राने श्टुटगार्टमध्ये काय केलं ते म्युनिकमध्ये चालत नाही, ते याच कारणाने.

हा महिना वाया कसा जातो ते सविस्तर सांगते, कारण बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात, न्यायालयाचं तोंडही न पाहता. म्युनिकमधल्या विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. नकाराचं कारण पैशांचा पुरावा अपुरा. पहिला आठवडा धक्क्यात जातो. मग तो अधिकाऱ्याला लांबलचक ईमेल लिहितो, माफी मागतो आणि ब्लॉक्ड अकाउंटचं, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या बँक खात्याचं, नवं स्टेटमेंट जोडतो. लगेच उत्तर येतं: आपला संदेश मिळाला. हे यंत्राने पाठवलेलं उत्तर असतं, पण मुलाला वाटतं, प्रकरण पुन्हा उघडलं. दुसऱ्या आठवड्यात तो भेटीची वेळ शोधतो. ती मिळते थेट पुढच्या महिन्यातली, आणि तो निर्धास्त होतो. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी दादा हाम्बुर्गमध्ये वापरलेला विडरश्प्रुखचा मसुदा पाठवतो. मुलगा नाव बदलतो आणि तेही ईमेलने पाठवून देतो. इथे दोन चुका एकावर एक चढल्या. म्युनिकमध्ये विडरश्प्रुख लागूच नाही, आणि लागू असता तरी साध्या ईमेलने केलेली हरकत लेखी धरत नाहीत. चौथा आठवडा उत्तराची वाट पाहण्यात जातो. बत्तिसाव्या दिवशी तो वकिलाकडे पोहोचतो तेव्हा बेशाइड पक्का झालेला असतो. बँकेत पैसे होते, पुरावा खरा होता, पण तो कोणी उघडून पाहणार नसतो.

यात मुलाची चूक किती? मला ती फार मोठी वाटत नाही. आपल्याकडे सरकारी कचेरीत प्रत्यक्ष जाऊन, चार शब्द गोड बोलून कागद पुढे सरकतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. इथला अधिकारी नम्र असतो, ऐकूनही घेतो, पण त्याच्याशी झालेल्या बोलण्याने मुदत एका तासानेही वाढत नाही. आणि माझाही दोष कबूल करते: "आधी कागद जमवा, मग मुद्देसूद लिहा," असं पूर्वी मीच सांगायचे. तो सल्ला उलटा होता. आधी मुदत वाचवायची, कागद नंतर जोडता येतात.

मुदत वाचवायला दोन ओळी पुरतात. अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या बेशाइडविरुद्ध मी हरकत घेतो किंवा दावा दाखल करतो. कारणं मागाहून देईन आणि मला फाइल पाहायची आहे. खाली हाताने सही, सोबत बेशाइडची प्रत. न्यायालयात दावा करताना आपल्याला काय हवंय तेही लिहा: तो बेशाइड रद्द करून परमिट द्यायचा आदेश खात्याला द्यावा. कागद स्वतः नेऊन दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. बायकोचं आणि मुलांचं परमिट तुमच्यावर अवलंबून असेल तर त्यांचे नकार वेगळे असतात, आणि त्या प्रत्येकाविरुद्ध दाद मागावी लागते; मुलांच्या वतीने दोन्ही पालकांच्या सह्या. पहिल्या न्यायालयात वकील सक्तीचा नाही. तिथल्या अर्जकक्षात जाऊन दावा तोंडी सांगून लिहूनही घेता येतो.

एवढ्याने भागत नाही, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला होता म्हणून जुनं परमिट 'फिक्त्सिओन'च्या, म्हणजे निर्णय होईपर्यंत ते चालू मानायच्या नियमाच्या, आधारावर चालू होतं. नकाराबरोबर तो आधार संपतो, आणि हरकत किंवा दावा केल्याने तो परत येत नाही. बेशाइडमध्ये देश सोडायची मुदतही असते, साधारण ७ ते ३० दिवसांची, आणि ती दाव्यासाठी थांबत नाही. म्हणून सोबत न्यायालयाकडे तातडीचा अर्ज, आइलआनट्राग, करावा लागतो. तो निकाली निघेपर्यंत खातं सहसा पुढचं पाऊल उचलत नाही, पण "सहसा" म्हणजे हमी नव्हे. नोकरीचं काय? जुन्या परमिटवर काम करायची मुभा असेल तर, दाद मागायची मुदत संपेपर्यंत आणि योग्य रीतीने केलेला तातडीचा अर्ज न्यायालयात चालू असेपर्यंत, कामापुरतं ते परमिट चालू धरलं जातं. निवास कायद्याचं कलम ८४, पोटकलम २. एचआरला हे कलम दाखवा, कारण घाबरून कामावरून काढणारे मालक कमी नाहीत. या काळात भारतात मात्र जाऊ नका. गेलात तर परत यायला हातात परमिट नाही.

"मग नवा अर्जच टाकतो" म्हणणाऱ्यांना: नकारानंतर देशातल्या देशात टाकलेल्या नव्या अर्जाने फिक्त्सिओन नव्याने सुरू होत नाही, कारण त्या घडीला तुमचा मुक्काम कायदेशीर उरलेला नसतो.

फाइल मागा म्हटलं ते का? पत्रात कारण दोन ओळींत असतं, खरी अडचण फाइलमध्ये असते. पैशांचं म्हणाल तर २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्याला महिना ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. जुन्या आकड्यावर भरलेलं खातं कमी पडतं. नोकरीच्या परमिटला रोजगार खात्याची संमती लागत असेल तर पगार स्थानिक पगाराच्या मानाने कमी भरतो किंवा काम पदवीशी जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं निघतं. तेव्हा मालकाकडून कामाचं नेमकं वर्णन आणि सुधारित करार घ्यायचा. आणखी एक गोष्ट धीर देणारी: परमिट मिळावं म्हणून केलेल्या दाव्यात न्यायालय साधारणपणे शेवटच्या सुनावणीच्या दिवशीची परिस्थिती पाहतं. नकारानंतर मिळालेली नोकरी किंवा भरलेलं खातं तिथे मोजलं जातं.

मुदत चुकलीच असेल आणि खरंच तुमचा दोष नसेल, म्हणजे दवाखान्यात होतात वगैरे, तर अडथळा दूर झाल्यापासून दोन आठवड्यांत, चुकलेली मुदत माफ करा, असा अर्ज करता येतो. कारण आणि राहून गेलेली हरकत किंवा दावा, दोन्ही त्याच दोन आठवड्यांत द्यायचं; पुरावा त्या अर्जाचं काम चालू असतानाही देता येतो. "भाषा कळली नाही" एवढं कारण पुरत नाही.

खर्चाची भीतीही खरी आहे. सामान्य ग्राहकाला वकिलाचा पहिला सल्ला जास्तीत जास्त १९० युरो अधिक कर. उत्पन्न कमी असेल तर बहुतेक राज्यांत अमट्सगेरिख्टमधून, म्हणजे स्थानिक न्यायालयातून, सल्ल्याचं कुपन मिळतं, मग वकिलाला फक्त १५ युरो द्यायचे. कारितास, डियाकोनी, आवो या सेवाभावी संस्थांची स्थलांतरितांसाठीची सल्ला केंद्रं फुकट आहेत. वकील निवडताना 'फाखआनवाल्ट फ्युर मिग्रात्सिओन्सरेख्ट', म्हणजे स्थलांतर कायद्याचा तज्ज्ञ वकील, ही पदवी पाहा. घरभाड्याचे खटले चालवणारा ओळखीचा वकील इथे कामाचा नाही.

मुंबईतून विचारणाऱ्यांचा घोटाळा वेगळाच. तुमचा व्हिसा नाकारला गेलाय, परमिट नव्हे. वकिलातीकडे फेरविचार मागायची 'रेमॉन्स्ट्रात्सिओन'ची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता एक तर त्रुटी दुरुस्त करून नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. कागद कमी पडल्यामुळे नकार असेल तर नवा अर्ज बहुधा लवकर सुटतो.

नकारापूर्वी 'आनह्योरुंग' नावाचं पत्र येतं: आम्ही नाकारायच्या विचारात आहोत, तुमचं म्हणणं काय? सगळ्यात स्वस्त आणि सोपी संधी तीच, आणि लोक ते पत्र बाजूला ठेवतात. हे लिहितानाही राग येतो.

आता उरला लढायचं की परतायचं हा प्रश्न. पूर्वी मी छातीठोकपणे म्हणायचे, लढाच. आज म्हणवत नाही. कारण खरं असेल, म्हणजे परीक्षा झाल्याच नसतील आणि पुढे होण्याचं चिन्ह नसेल, तर दावा म्हणजे महिनोन्‌महिने पैसा आणि झोप घालवणं. उलट खात्याने मुळात चूक केली असताना घाबरून विमानात बसलेल्यांचंही मला वाईट वाटतं, आणि कोणाचं प्रकरण कोणत्या बाजूचं, हे फाइल पाहिल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. परतायचंच ठरलं तर दिलेल्या मुदतीच्या आत निघा. सक्तीने पाठवलं तर पुन्हा येण्यावर बंदी लागते, मुदतीत स्वतःहून गेल्यास ती टळते. निघताना खात्याकडून 'ग्रेन्झयुबरट्रिट्स-बेशाइनिगुंग' नावाचा, सीमा ओलांडल्याच्या दाखल्याचा कागद घ्या आणि विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या पोलिसांच्या हातात द्या. तो पोहोचला नाही, तर तुम्ही वेळेत गेलात याची नोंद खात्याकडे नसते, आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी बोर्डिंग पास शोधत बसावं लागतं.