भोक असलेली पट्टी: ताणाच्या आकृतीवर बाण आणि आकडे (नोंद ३)

पट्टी आधीच्या नोंदींतलीच: पोलादी, रुंदी १०० मिमी, मधोमध २० मिमीचं भोक, दोन्ही टोकांना १०० मेगापास्कलची ओढ. सममितीमुळे पाव तुकडाच सोडवलाय. त्रिकोणांची जाळी जीमेश या प्रोग्रामची, चित्र मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीत. रंग आधीच उमटत होते, या खेपेला काम बाणांचं आणि आकड्यांचं.

त्याआधी भोकाच्या कडेचा घोळ. त्रिकोणांची यादी दिली नाही तर मॅटप्लॉटलिब स्वतःच डेलॉने जाळं (बिंदू आपोआप त्रिकोणांनी जोडण्याची रीत) विणतं आणि पाव भोकाची गोलाई सुरीने तिरकी कापल्यासारखी दिसते. म्हणून जीमेशची त्रिकोणांची यादी जशीच्या तशी द्यायची, फक्त नोडच्या (जाळीतल्या बिंदूंच्या) क्रमांकातून १ वजा करून, कारण मॅटप्लॉटलिब ० पासून मोजतं. मधले क्रमांक गळले असतील तर वजाबाकी पुरत नाही, जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता करावा लागतो. सहा नोडचा त्रिकोण मॅटप्लॉटलिबला चालत नाही, चित्रापुरते त्याचे चार करा. अ‍ॅस्पेक्ट 'इक्वल' (दोन्ही अक्षांचं माप सारखं) ठेवायला विसरलात तर भोकाचं अंडं होतं.

आता शिखर, म्हणजे भोकाच्या कडेवरचा सगळ्यात मोठा ताण. अनंत रुंद पट्टीला कर्शच्या १८९८ च्या सूत्राने ३०० मेगापास्कल येतात. या रुंदीला हेवूडच्या सूत्राने ३१४ यायला हवेत. आकडा कमी दिसला तर बाणाला दोष देऊ नका. तीन नोडच्या त्रिकोणात ताण सगळीकडे एकच असतो, म्हणून तो मध्यबिंदूचा धरतात. आणि कडेपासून अर्धा मिमी आत गेलं की कर्शच्याच हिशेबाने ३०० चे २६९ होतात! नोडवर सरासरी काढून रंग गुळगुळीत केले की शिखर आणखी दबतं. भोकापाशी जाळी बारीक करा, नाहीतर सोडवताना सहा नोडचे त्रिकोण घ्या.

आकडा हाताने टाइप करायचा नाही. आर्गमॅक्सने (सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे ते सांगणारं फंक्शन) नोड शोधून त्याच्याच जागेचे x-y निर्देशांक बाण आणि मजकूर काढणाऱ्या अ‍ॅनोटेटला द्यायचे, मजकुराची जागा 'ऑफसेट पॉइंट्स'मध्ये, म्हणजे त्या नोडपासून किती पॉइंट दूर ते. अक्षरांमागे ३ पॉइंटची पांढरी कड दिली की गडद रंगावरही वाचता येतात. ओढीमुळे बदललेला आकार दाखवताना सरक २०० पट वाढवली तर शिखरापाशी भोकाची कड सुमारे १ मिमी केंद्राकडे सरकते. बाणाचं टोक तेवढंच सरकवलं नाही तर ते धातूत रुतलेलं दिसतं.

पीडीएफमध्ये रंगपट्ट्यांमधे केसाएवढ्या पांढऱ्या रेघा येतात. पट्ट्यांच्या कडेचा रंग 'फेस' (आतल्यासारखाच) केला की जातात.

राहिली मराठी अक्षरं. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट डेजाव्हू सॅन्स, त्यात देवनागरी नाही, नुसते चौकोन येतात. फॉन्ट बदलूनही जोडाक्षरं फुटत असतील तर एसव्हीजी फॉन्टटाइप 'नन' (अक्षरं मजकूर म्हणूनच) ठेवून फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये उघडा, तिथे 'क्षेत्र' नीट जुळतं. पाठवण्याआधी मजकुराचे पाथ (रेषांचे आकार) करा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट बदलतो.