जळगाव–तोरणमाळ–धुळे: सॅडलबॅगांसह साडेचारशे किलोमीटर

जळगावहून विदगावचा तापीवरचा पूल ओलांडायचा, मग धानोरा, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा आणि तिथून वर तोरणमाळ. परतताना शहाद्याहून सारंगखेडा, दोंडाईचा, धुळे, पारोळा, एरंडोल करत पुन्हा जळगाव. एकूण साधारण साडेचारशे किलोमीटर, तीन दिवस, डिसेंबर महिना. गाड्या दोन: एक ३५० सीसीची, तिच्यावर एकटा चालवणारा, दुसरी १२५ सीसीची, डबलसीट. सॅडलबॅग म्हणजे मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी बॅग. पहिलीला सीटवरून आडवी टाकायची जोडबॅग होती, दुसरीला लोखंडी स्टेवर, म्हणजे गाडीला बोल्टनं जोडलेल्या आधाराच्या सांगाड्यावर, बसवलेल्या दोन सुट्या बॅगा. रस्त्यांची वर्णनं पुष्कळ मिळतात, म्हणून हा वृत्तांत सामानाचा लिहितो आहोत. या एकाच वाटेवर केळीपट्ट्यातले गावरस्ते, सातपुड्याचा घाट आणि चौपदरी महामार्ग असे तिन्ही प्रकार लागतात, आणि तिन्हीकडे बॅग वेगवेगळ्या तऱ्हेनं त्रास देते.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न लिटरचा निघतो. तो शेवटी विचारावा. आधी बघायचं ते हे, की बॅग गाडीला किती ठिकाणी धरली जाणार आणि सायलेन्सरपासून किती लांब राहणार. नुसती सीटवरून टाकलेली, खाली काहीच न बांधलेली बॅग प्रत्येक स्पीडब्रेकरला उचलली जाते आणि आपटते. दोनशे किलोमीटरनंतर तिची शिवण सैल होते, बाजूच्या पॅनेलचा रंग जातो. कमीत कमी तीन जागा हव्यात: वर सीटखालून दोन रुंद पट्टे, पुढे एक आणि मागे एक. पट्टा ३८ ते ५० मिलिमीटर रुंद असावा. तो बॅगेला जिथं शिवलाय तिथं चौकोन आणि आत फुलीची शिवण आहे का ते पाहा. एकेरी टीप असेल तर ती बॅग परत ठेवा, कापड कितीही जाड असो.

कापडात १००० डेनिअरच्या (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पुढचं नायलॉन किंवा पीव्हीसीची ताडपत्री घ्यावी. ६०० डेनिअरचं पॉलिएस्टर शहरात चालतं, लांबच्या प्रवासात कोपऱ्याला झिजतं. चेन ८ किंवा १० नंबरची. खानदेशात पावसापेक्षा धूळ जास्त महिने असते आणि धूळ बारीक चेनचे दात आधी खाते. आमची स्पष्ट पसंती तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगेला आहे: तीन वेढे, दोन बकल, चेनच नाही. वारंवार उघडायला ती थोडी कटकटीची वाटते, पण धूळ आणि पाणी दोन्ही बाहेर राहतात.

आता लिटर. तीन दिवसांना एका माणसाला दोन्ही बाजू मिळून ३० लिटर पुरतात, आठवड्याला ४० ते ५०. त्याहून मोठी बॅग घेतली की ती भरावीशी वाटते आणि मग खोगीरभरती सुरू होते. हा शब्द आला तो घोड्यावरून, आणि या वाटेवर त्याची आठवण हटकून होते. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी जुनी खुर्जी म्हणजे आजच्या सॅडलबॅगेची आजीच. खुर्जीचा नियम मोटरसायकललाही तसाच लागू आहे: दोन्ही पारडी सारखी, आणि ओझं पाठीच्या मागे नाही, पाठीवर.

वजनाचा हिशोब तागडीनं करा, अंदाजानं नको. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा स्वस्तात मिळतो. प्रत्येक बाजूला ५ ते ७ किलो, आणि दोन बाजूंत एक किलोहून जास्त फरक नको. बॅगेच्या किंवा स्टेच्या माहितीत कमी आकडा दिला असेल तर तोच पाळा. ३५० सीसीच्या गाडीवर डाव्या बॅगेत हत्यारांची गुंडाळी, एक ट्यूब, हातपंप आणि दोन लिटर पाणी, उजवीत सगळे कपडे आणि आणखी दोन लिटर पाणी अशी मांडणी केली, तेव्हा दोन्ही पारडी सहा किलोच्या आसपास जुळली. जड वस्तू तळाला आणि बॅगेच्या पुढच्या भिंतीला लावून ठेवाव्यात, म्हणजे वजन मागच्या चाकाच्या धुरीच्या पुढे येतं.

उजवी बाजू म्हणजे सायलेन्सर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तो उजवीकडेच असतो, आणि डावीकडे सारी गार्डचा आधार असल्यानं तिकडची बॅग आपोआप नीट बसते. म्हणून बिघाड जवळजवळ नेहमी उजवीकडे होतो. रिकाम्या गाडीवर अंतर मोजू नका. बॅग भरा, मागे माणूस बसवा, त्याला दोनदा जोरात दाबायला सांगा आणि तेव्हा बघा. त्या स्थितीतही बॅगेचा तळ आणि सायलेन्सर यांत चार बोटं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर, मोकळी राहिली पाहिजेत. राहत नसतील तर वरचे पट्टे आखूड करून बॅग उचला किंवा सायलेन्सरला पत्र्याचं कवच लावा. पॉवर बँक, स्प्रेचा डबा, सुटं पेट्रोल यातलं काहीही उजव्या बॅगेत नको.

बांधण्याचा क्रम असा. सीट काढा. पट्टे गाडीच्या चौकटीवरून सरळ टाका, वायरिंग किंवा सीटच्या लॉकवरून जाऊ देऊ नका. सीट बसवून दोन्ही बॅगांच्या वरच्या कडा एका पातळीत आणा. मग पुढचा पट्टा मागच्या माणसाच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला आणि मागचा ग्रॅब रेलला (मागच्या माणसानं धरायच्या दांडीला) किंवा कॅरिअरला. इंडिकेटरची दांडी, नंबर प्लेट, ब्रेकची नळी यांना काही बांधायचं नाही. मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्विंगआर्मलाही नाही, आणि ही चूक फार जण करतात: स्विंगआर्म चाकाबरोबर वरखाली होतो, चौकट होत नाही, त्यामुळे पट्टा प्रत्येक खड्ड्याला ताणला-सैल होत राहतो आणि शेवटी बकल फुटतं. पट्ट्याची उरलेली टोकं गुंडाळून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगा चढवा. पंक्चरवाल्याकडे त्या फुकट मिळतात आणि सोबतच्या वेल्क्रोपेक्षा जास्त टिकतात. सुटं टोक साखळीत किंवा आऱ्यांत गेलं तर मागचं चाक जागेवर अडकतं, म्हणून हे काम शेवटी घाईत उरकायचं नाही. किक असलेल्या गाडीवर किक पूर्ण मारून बघा. इंडिकेटर आणि मागचा दिवा झाकला जात नाही ना, हे दहा पावलं मागे जाऊन पाहा.

बॅग जिथं रंगाला टेकते तिथं आधी पारदर्शक फिल्म किंवा ट्यूबचा तुकडा लावा. बॅग आणि पॅनेल यांत शिरलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

मागच्या टायरची हवा मागे माणूस असताना सांगितलेल्या आकड्याची ठेवा, मग गाडीवर एकटे असलात तरी. मागच्या शॉकची स्प्रिंग एक-दोन घर कडक करा. मागची बाजू दबली की हेडलाइट वर बघू लागतो, तोही खाली आणा.

पहिला टप्पा, जळगाव ते चोपडा. पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढणं सक्तीचं समजा, कारण कपडे दबतात आणि बॅग सैल होते. आमच्या दोन्ही गाड्यांचे पट्टे तिथं दोन बोटं आत आले. केळीपट्ट्यात समोरून केळीचे ट्रक, पुढे शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्या. बॅगा लावलेली गाडी हँडलपेक्षा रुंद असू शकते हे शरीराला लक्षात राहत नाही, म्हणून निघण्याआधी टेपनं मोजून तो आकडा डोक्यात ठेवा.

शिरपूरच्या पुढे १२५ सीसीच्या गाडीच्या स्टेचा उजवा खालचा बोल्ट अर्धा बाहेर आलेला सापडला. साधा नट, खाली स्प्रिंग वॉशरही नाही. छोट्या इंजिनची थरथर असा नट दीड-दोनशे किलोमीटरमध्ये सोडवते. स्टे कुठूनही घ्या, पण त्याचे सगळे नट नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले, थरथरीनं न सुटणारे) करून घ्या आणि त्याच मापाचे दोन बोल्ट-नट हत्यारांत ठेवा. रोज सकाळी बोटानं फिरवून पाहणं पुरेसं आहे.

शहाद्यात टाकी भरा. पुढे म्हसावद, राणीपूर करून घाट लागतो. तोरणमाळ ११४३ मीटरवर आहे, वळणं तीव्र, त्यामुळे चढताना बॅगा मागे सरकतात आणि उतरताना पुढे. पुढचा पट्टा बसवला असूनही मागचा नसेल तर उतारावर बॅग मागच्या माणसाच्या पोटऱ्यांना ढकलत राहते. उतार खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर उतरा. भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक सतत दाबला तर तापून मऊ पडतो. डिसेंबरात वर रात्री चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटर आणि टोपी बॅगेत सगळ्यात वर. गाडी साइड स्टँडवर लावताना जमीन बघा. काळ्या मातीत भरलेल्या गाडीचा स्टँड रुततो. हातभर दोरी बांधलेला फळीचा तुकडा स्टँडखाली टाकावा आणि निघताना दोरीनं ओढून घ्यावा.

धुळे ते पारोळा हा वेगाचा टप्पा. इथं दोन गोष्टी दिसल्या. एक, बॅगेवर चढवलेलं रेनकव्हर ऐंशीच्या वेगाला फुग्यासारखं फुगतं आणि उडतं. पाऊस नसेल तर ते काढून ठेवा. पावसाळ्यात तर कव्हरवर भिस्त ठेवूच नका, त्याच्या तळाशी पाणी साचतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी किंवा ड्रायबॅग (पाणी आत न जाऊ देणारी पिशवी) हवी. दोन, टेलबॅग, म्हणजे सीटच्या मागच्या टोकाला बांधलेली बॅग, जड असेल तर ऐंशीच्या पुढे हँडल हलकं होऊन हलू लागतं. टेलबॅगमधले दोन लिटर पाणी आणि कुलूप-साखळी सॅडलबॅगांत पुढे आणल्यावर ते थांबलं. टेलबॅगेत फक्त कपडे आणि अंथरूण ठेवा.

कागदपत्रं, औषधं, पैसे अंगावर किंवा पेट्रोलच्या टाकीवरच्या टँकबॅगेत. कापडी बॅगेला कुलूप लावता येत नाही, सुरी पुरते.

जाताना चार-पाच लिटर जागा मोकळी ठेवा, कारण दोंडाईच्याची मिरची आणि जळगावचे केळीचे वेफर्स घेतल्याशिवाय परतणं होत नाही. मिरची दोन पिशव्यांत बांधून डावीकडे ठेवा. उजवीकडच्या उष्णतेनं तिचा वास कपड्यांत मुरतो आणि दोन धुण्यांत जात नाही.

घरी आल्यावर बॅगा उलट्या करून झटका, ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हानं कापडाचा रंग आणि शिवणीचा दोरा दोन्ही जातात. ओलसर गुंडाळून ठेवलेल्या बॅगेचा आतला लेप काही वर्षांत चिकट होऊन सुटतो. चेन असेल तर दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ करून मेणबत्ती घासा. मग पट्ट्यांच्या मुळाशी शिवण तपासा, एखादा टाका जरी सुटला असेल तरी बॅग सीट कव्हर शिवणाऱ्याकडे न्या आणि जाड नायलॉन दोऱ्यानं त्या जागी फुलीची टीप घालून घ्या.